अमिश समाज आणि आमची ग्रामसभा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतील अमिश या जुन्या वळणाने जगणाऱ्या ख्रिस्ती समाजाविषयी आलेला सचित्र लेख लक्षपूर्वक वाचला. माहिती पुष्कळ होती, पण ‘काळाच्या मागे राहिलेली माणसे’ हा त्याचा एकूण सूर मला पटला नाही. मी लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यातला निवृत्त शिक्षक असून घरी बारा एकर कोरडवाहू शेती आहे. २०१८ साली मुलाकडे पेनसिल्व्हेनियात तीन महिने राहण्याचा योग आला, तेव्हा अमिश वस्त्या असलेल्या तिथल्या लँकेस्टर भागात चार-पाच वेळा जाणे झाले. पाहुण्याला जेवढे दिसते तेवढेच मला दिसले. पण परत आल्यावर या समाजाविषयी मिळेल ते वाचत गेलो आणि त्यांचा विचार करताना आपल्या मराठवाड्यातील खेड्यांचा विचार टाळता येईना, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

‘अमिश लोक वीज वापरत नाहीत’ हे वाक्य लेखात दोन ठिकाणी आले आहे आणि ते अर्धेच खरे आहे. सार्वजनिक वीजवाहिनीची तार ते घरात येऊ देत नाहीत. परंतु बॅटरी, डिझेल इंजिन आणि दाबलेल्या हवेवर चालणारी सुतारकामाची यंत्रे त्यांच्या कारखान्यांत असतात, आणि अलीकडे अनेक ठिकाणी छपरांवर सौर पट्ट्याही दिसतात. मोटार ते स्वतःच्या मालकीची ठेवत नाहीत, पण दवाखान्यात किंवा दूरच्या नातेवाइकांकडे जायचे असेल तर भाड्याच्या मोटारीत बसतात. ट्रॅक्टर काहींकडे असतो, मात्र तो कोठाराजवळ उभा करून त्याला पट्टा लावायचा आणि यंत्र फिरवायचे; शेतात नांगर ओढायला लँकेस्टरमध्ये खेचरेच जुंपलेली असतात. शेताच्या कडेला, घरापासून अंतरावर, मी लाकडी फळ्यांची एक लहानशी खोली पाहिली. आपल्याकडच्या पानटपरीएवढी असेल. आत एक दूरध्वनी, एक वही आणि दोरीला बांधलेली पेन्सिल होती. आजूबाजूची काही कुटुंबे मिळून तो फोन वापरत होती आणि ज्याने जेवढे बोलणे केले तेवढे त्याने वहीत लिहून ठेवायचे, अशी रीत होती. फोन हवा, पण तो जेवणाच्या वेळी घरात वाजायला नको, इतका नेमका निर्णय त्या खोलीच्या जागेवरून कळत होता.

मला सांगायचे आहे ते एवढेच की या लोकांनी यंत्राला सरसकट नाही म्हटलेले नाही. कोणतेही नवे साधन उंबरठ्याच्या आत येण्याआधी ते सगळे मिळून एक प्रश्न विचारतात: याने आपला शेजार टिकेल की मोडेल? मोटार आली की माणूस वीस मैलांवर कामाला जाईल आणि शेजाऱ्याची गरज संपेल. शेतात ट्रॅक्टर आला की एकच जण तिघांची जमीन कसू लागेल आणि उरलेल्या दोघांना गाव सोडावे लागेल. तार आली की तारेतून बाहेरचे सगळेच घरात येईल. हे अंदाज प्रत्येक बाबतीत बरोबर ठरतात असे नाही, आणि एका वस्तीत चालते ते दुसऱ्या वस्तीत चालत नाही. परंतु प्रश्न विचारला जातो.

तो कसा विचारला जातो, हेही लेखात यायला हवे होते. साधारण पंचवीस ते चाळीस कुटुंबांची एक मंडळी असते. तिला वेगळे प्रार्थनामंदिर नसते. एक रविवार सोडून एका रविवारी आळीपाळीने कुणाच्या तरी घरी किंवा कोठारात उपासना होते आणि बसायची बाके एका गाडीतून या घरून त्या घरी जातात. जगण्याच्या नियमांना ते ‘ऑर्डनुंग’ म्हणतात. वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात होणाऱ्या प्रभुभोजनाच्या विधीआधी, मंडळी या नियमांची उजळणी करते आणि बाप्तिस्मा घेतलेल्या स्त्री-पुरुषांना त्याला संमती द्यावी लागते. मतभेद मिटले नाहीत तर विधीच पुढे ढकलला जातो. धर्मोपदेशकाला पगार नाही आणि त्याचे वेगळे शिक्षणही नाही. मंडळीने सुचवलेल्या पुरुषांपुढे स्तोत्रांची पुस्तके ठेवतात, त्यांपैकी एकात चिठ्ठी असते, आणि ज्याच्या हाती ती येते त्याने शेती सांभाळून आयुष्यभर ते काम करायचे.

या श्रद्धेचे मूळ १५२५ सालच्या झुरिचमध्ये आहे. लहानपणी नकळत झालेला बाप्तिस्मा खरा नव्हे, जाणत्या वयात स्वतः निवड करून घेतलेलाच खरा, असे म्हणणाऱ्या माणसांना तिथल्या राज्यकर्त्यांनी पाण्यात बुडवून मारले आणि युरोपात इतरत्र जाळूनही मारले गेले. शस्त्र न उचलण्याची आणि सत्तेपासून दूर राहण्याची त्यांची वृत्ती त्या छळातून पक्की झाली. पुढे १६९३ च्या सुमारास याकोब अम्मान याच्या मागे गेलेला गट वेगळा झाला, त्याच्याच नावावरून अमिश हे नाव आले, आणि अठराव्या शतकात धर्मस्वातंत्र्य देणाऱ्या पेनसिल्व्हेनियात त्यांनी वस्ती केली. युरोपात मात्र आज ते उरलेले नाहीत. जन्माने आपोआप अमिश होता येत नाही, ही गोष्ट वाचताना मला आपली वारकऱ्यांची माळ आठवली. वारकऱ्याच्या घरी जन्मलेल्यालाही तुळशीची माळ स्वतः घालून घ्यावी लागते, आणि ती घातल्यावर एकादशी, पंढरीची वारी, मद्यमांस वर्ज्य हे सगळे त्याच्या अंगावर येते. कुणी जबरदस्तीने घातलेल्या माळेला आपल्याकडे मान नाही. अमिश तरुणही साधारण अठरा ते बावीस या वयात हा निर्णय घेतात, त्याआधी बाहेरचे जग काहीसे मोकळेपणाने पाहतात, आणि तरीही दहांतले आठ-नऊ जण परत मंडळीतच येतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुमारे पाच हजार असलेला हा समाज आज चार लाखांच्या घरात आहे. घरटी सहा-सात मुले हे त्याचे एक कारण, पण मुले टिकून राहतात हे दुसरे.

कोठार जळाले की शे-दोनशे माणसे येऊन दिवसभरात नव्या कोठाराचा सांगाडा उभा करतात, याचे आपल्या लेखकाने मोठे नवल केले आहे. मराठवाड्यात जुन्या माणसांना याचे नवल वाटायला नको, कारण आपण त्याला इर्जिक म्हणत होतो. १९७२ च्या दुष्काळात वडिलांना बैलजोडी विकावी लागली. पुढच्या वर्षी मृगाचा पाऊस पडला तेव्हा गोठ्यात दावी लोंबत होती आणि वडील ओसरीवर नुसते बसून होते. तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आत अकरा औते आमच्या रानात उतरली. कुणी बोलावणे धाडले नव्हते. पाळी घालून झाली, लगोलग तिफणी धरल्या, चाढ्यावर मूठ धरायला शेजारच्या तिघी काकू आल्या, आणि दिवस मावळायच्या आत बारा एकर ज्वारी-तूर पेरून झाली. आईने मोठ्या पातेल्यात येसर आमटी केली होती. ती आणि भाकरी चुरून माणसे बांधावर जेवली. पैशाचा विषय निघाला नाही. वडिलांनी पुढे आयुष्यभर त्या अकरा घरांच्या कामाला कधी नाही म्हटले नाही.

आज माझ्या त्याच रानात सोयाबीन काढायचे गुत्ते द्यावे लागते. गुत्तेदार टोळी घेऊन येतो, एकरी भाव ठरतो, मळणी यंत्रवाला वेगळा येतो, त्याचा कट्ट्यामागचा भाव वेगळा असतो. काम वेळेवर होते, हे मी मान्य करतो. परंतु गेल्या हंगामात शेजारच्या बांधावरच्या शेतकऱ्याला अर्धांगाचा झटका आला आणि त्याचे सोयाबीन पंधरा दिवस उभे राहून शेंगा फुटल्या, तेव्हा आमच्यापैकी एकाच्याही मनात इर्जिकीचा विचार आला नाही. माझ्याही मनात आला नाही. तो आठवला तेव्हा दाणे मातीत गेले होते.

लँकेस्टरमध्ये रस्त्याकडेच्या एका भाजीच्या मांडवात एका वृद्ध अमिश शेतकऱ्याशी बोलणे झाले. आमच्याकडे बैलांनी शेती होत असे, असे मी सांगितले तेव्हा त्याने विचारले, ‘मग बैल कुठे गेले?’ ट्रॅक्टर आले, वैरण परवडेना, सालगडी मिळेना, अशी उत्तरे मी दिली. ती खोटी नव्हती. पण ‘तुम्ही सर्वांनी मिळून तसे ठरवले का?’ या त्याच्या पुढच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण आम्ही मिळून काहीच ठरवले नव्हते. एकेकाने आपापले ठरवले आणि एक दिवस गावात पोळ्याला मिरवायला चारच जोड्या उरल्या.

साधनांनी शेजार बदलतो, याचा आमच्या गावाला आणखी एक अनुभव आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात आमचे जुने गाव पडले. जी ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली त्यांत आमचे एक. नवी घरे पक्की आहेत, रस्ते रुंद आणि सरळ आहेत, आणि दगड-मातीच्या जाड भिंतींखाली माणसे गाडली गेलेली ज्यांनी पाहिली त्यांना पक्क्या घराचे मोल कुणी शिकवायला नको. तरीही एक गोष्ट सांगतो. जुन्या गावात माळवदाला माळवद लागून होते, आणि माळवदावरूनच कालवणाची वाटी शेजारी जात असे. कुणाकडे ताप आहे, कुणाची सून माहेरी गेली आहे, हे न विचारता कळत असे. नव्या गावात भूखंड जमिनीच्या मालकीप्रमाणे मिळाले, चाळीस वर्षांचे शेजारी गावाच्या दोन टोकांना गेले, आणि माझी आई शेवटपर्यंत ‘या गावात आवाज पोहोचत नाही’ असे म्हणत राहिली. घराची रचना ठरवताना सुरक्षिततेचा विचार झाला, तो व्हायलाच हवा होता. आवाज कुठवर पोहोचेल, हे मात्र कुणी विचारले नाही.

जुन्या गावाचे मी नुसते गोडवे गातो आहे, असे कुणाला वाटू नये. आमच्या इर्जिकीला आलेली अकरा घरे जमीनवाल्यांची होती. गावकुसाबाहेरच्या माणसांना त्या बांधावर पंगतीत जागा नव्हती, आणि त्यांचे घर कोसळले असते तर अकरा माणसे धावली असती, असे मला छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही. ज्या शेजाराला जातीची वेस आहे तो परत आणण्याची इच्छा मला नाही.

अमिश जीवनातही काही गोष्टी अशा आहेत की त्यांचे समर्थन करणे मला शक्य नाही. बाप्तिस्मा घेऊन नंतर मंडळी सोडणाऱ्याला ते बहिष्कृत करतात. सख्खे आईवडीलही त्याच्याबरोबर एका पंगतीला बसत नाहीत, त्याच्या हातून काही घेत नाहीत. आपल्याकडे यालाच वाळीत टाकणे म्हणतात. जातपंचायतींनी या मार्गाने किती कुटुंबे उद्ध्वस्त केली हे पाहून महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा केला, आणि तो करणारे आपले राज्य देशात पहिले ठरले, याचा मला अभिमान आहे. शेजार टिकवण्यासाठी माणूस तोडावा लागत असेल तर ती किंमत देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. स्त्रियांना मंडळीत मत असते पण उपदेशकाचे पद नसते, हेही तसेच.

शिक्षक म्हणून मला त्यांचा शाळेचा प्रश्न अधिक टोचतो. त्यांच्या एकखोली शाळा आठवीपर्यंतच असतात. विस्कॉन्सिन राज्याने सोळा वर्षांपर्यंत शाळा सक्तीची केली तेव्हा तीन बापांनी मुलांना पुढे पाठवायला नकार दिला, त्यांना प्रत्येकी पाच डॉलर दंड झाला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७२ साली न्यायालयाने धर्मस्वातंत्र्याच्या आधारे पालकांच्या बाजूने निकाल दिला. त्या वेळी न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी अंशतः असहमती नोंदवून विचारले होते की यात मुलांचे स्वतःचे म्हणणे कुणी ऐकले का. चौतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलेला माणूस म्हणून मी डग्लस यांच्या बाजूने आहे. आठवीनंतर शेतात जाणाऱ्या किती मुलींची नावे मी हजेरीपटावरून खोडली आहेत, ते मला ठाऊक आहे. त्यांत एकीनेही स्वतः निर्णय घेतला नव्हता. परंतु लातुरात आज जे दिसते त्याला तरी मुलांचे म्हणणे ऐकणे म्हणता येईल का? दहावीचा निकाल लागतो आणि पंधरा वर्षांची मुले गाद्या-पेट्यांसह शिकवणी वर्गांच्या वसाहतीत दाखल होतात, आणि वैद्यकीय प्रवेश परीक्षेपलीकडे दुसरे आयुष्य असते, हे दोन-तीन वर्षे त्यांच्या कानांवरही पडत नाही. अमिश मुलाला डॉक्टर होता येत नाही ही उणीव आहे. आपल्या मुलाला डॉक्टर न होता ताठ मानेने गावी परतता येत नाही, हीदेखील उणीवच आहे.

लेखात ज्याचा उल्लेख नव्हता ती एक घटना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. २ ऑक्टोबर २००६ रोजी, म्हणजे गांधीजयंतीच्या दिवशी, लँकेस्टर भागातील निकेल माइन्स येथील अमिश शाळेत शिरून एका बाहेरच्या माणसाने दहा मुलींवर गोळ्या झाडल्या आणि स्वतःलाही मारून घेतले. पाच मुली गेल्या. त्याच संध्याकाळी काही अमिश माणसे मारेकऱ्याच्या पत्नीला भेटायला गेली, आम्ही तुमच्यावर राग धरलेला नाही असे सांगून आली, आणि पुढे त्याच्या दफनाला जमलेल्यांमध्ये मुली गमावलेल्या घरांतील माणसेही उभी होती. पैठणला नाथांच्या अंगावर पुनःपुन्हा थुंकणाऱ्या माणसाची आणि दर वेळी शांतपणे गोदावरीत स्नान करून येणाऱ्या नाथांची आख्यायिका मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. ती आख्यायिका आहे म्हणून सांगणे सोपे होते. पाच शवपेट्या घरात असताना असे वागणारी माणसे माझ्या हयातीत होऊन गेली, हे कळले त्या दिवशी मला बराच वेळ दुसरे काही वाचता आले नाही. मात्र याच क्षमाधर्माचा आधार घेऊन काही ठिकाणी घरातल्या लैंगिक अत्याचारांवर पांघरूण घातले गेले आणि अत्याचार झालेल्या मुलीलाच ‘क्षमा कर’ म्हणून बसवले गेले, हेही गेल्या काही वर्षांत उघड झाले आहे. ज्याने सोसले त्याने आपणहून केलेली क्षमा आणि वडीलधाऱ्यांनी त्याच्याकडून वसूल केलेली क्षमा यांना एकच नाव देता येत नाही.

वृद्धांविषयी थोडक्यात. आईवडील थकले की मुलाच्या घराला लागून त्यांच्यासाठी लहान घर बांधायचे, ही तिथली रीत आहे, आणि म्हाताऱ्यांना सांभाळणे हे आमचे धर्मकर्तव्य आहे असे सांगून त्यांनी सरकारी निवृत्ती विमा नाकारला. १९६५ साली अमेरिकेच्या संसदेने स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या अमिश लोकांना त्यातून सूटही दिली. आमच्या गल्लीत एक आजी एकट्या राहतात. दोन्ही मुले पुण्यात आहेत, चांगली आहेत, रोज रात्री व्हिडिओ कॉल करतात. आजींना फोन नीट धरता येत नाही, म्हणून मुलांना रोज त्यांचे कपाळ आणि वरचा पंखा दिसतो.

आता प्रश्न असा की यातले आपल्याला काय घेता येईल. घोडागाडी नको, वाळीत टाकणे तर नकोच. पण बसून विचारण्याची रीत घेता येईल, आणि त्यासाठी पेनसिल्व्हेनियाला जाण्याचीही गरज नाही. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली ठरवले की संध्याकाळी सातला भोंगा वाजेल आणि दीड तास घरोघरी दूरचित्रवाणी व मोबाईल बंद राहतील. त्याच वर्षी मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांच्या बांगड्या फोडण्याची आणि कुंकू पुसण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एका गावाने नव्या वस्तूला वेळेची वेस घातली आणि दुसऱ्याने जुनी रूढी वेशीबाहेर काढली. गाव एकत्र बसले तर स्वातंत्र्य कमीच होते असे नाही, ते वाढूही शकते, हे हेरवाडवरून दिसते. आणि अमिश मंडळीपेक्षा आपली ग्रामसभा या बाबतीत पुढची आहे, कारण तिच्यावर राज्यघटना आहे आणि तिथे कुणाचीही जात, धर्म किंवा बाई-पुरुष न पाहता हात वर करण्याचा हक्क आहे. आमच्या ग्रामसभेत मात्र घरकुलाची यादी आणि सह्यांचे रजिस्टर यांपलीकडे विषय जात नाही.

म्हणून येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर दोन विषय घ्यावेत असा लेखी अर्ज मी ग्रामपंचायतीत दिला आहे आणि त्याची पोच घेतली आहे. संध्याकाळी साडेसात ते नऊ मोबाईल व दूरचित्रवाणी बंद ठेवावेत का, हा पहिला. कुणी आजारी पडल्यास किंवा कुणाच्या घरात मयत झाल्यास त्याच्या काढणीसाठी प्रत्येक गल्लीने, भावकी आणि जात न पाहता, एक दिवस द्यावा का, हा दुसरा. दोन्हींमध्ये दंड नसावा, न पाळणाऱ्याशी कुणी व्यवहार तोडू नये, आणि बारावीपर्यंतच्या मुलामुलींनाही सभेत बोलू द्यावे, असे अर्जात लिहिले आहे. अर्धांग झालेल्या त्या शेजाऱ्याची तूर यंदा जानेवारीत काढणीला येईल. ग्रामसभेत काहीही ठरले तरी आमच्या गल्लीतील सात घरांनी त्या कामासाठी एक रविवार राखून ठेवला आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक
ता. औसा, जि. लातूर